किरकोळ

घर लष्करात, पण थंडीचे तीन महिने आबांची ड्यूटी
घाटीगावच्या अलीकडं, चौकी नंबर सहा.
वहीत दोन खाती.
डावीकडं चितळ, सांबर, काळवीट:
तारीख, परवाना, शिंगं इंचात,
पाव-अर्धा सुद्धा न सोडता.
उजवीकडं ‘किरकोळ’.
डुकरं तिथं.

त्या साली किरकोळ फार माजलं.
पाणवठ्याचा काठ रोज सकाळी नांगरल्यासारखा,
गवत मुळं वर करून पडलेलं,
हरणांसाठी ठेवलेल्या मिठाच्या दगडाभोवती
नुसता राडा.
आणि एकदा करधईच्या बुडाशी पाडसाचा खूर.
एकच. ओला, काळा,
माझ्या अंगठ्याएवढा.
तेवढ्यात वरून चिठ्ठी:
फेब्रुवारीत पाहुणे आहेत.
हरणं भरपूर दिसली पाहिजेत.

आबांनी बंदूक पुसायला घेतली.
हरकू सहरिया म्हणाला, ती ठेवा.
एक माराल, बाकीची सतरा
तुमच्यापेक्षा शहाणी होतील.

त्यानं खांब पुरले, गोलात.
कोपरा ठेवला की एकमेकांवर चढून जातात म्हणे.
मक्का मोहाच्या फुलांत भिजवला,
चौथ्या दिवशी असा वास सुटला
की चौकीदारही दोनदा बाड्याकडं चक्कर मारून आला.
फाटक उघडं. दोरी मचाणावर. दोरीचं टोक माझ्या हातात,
कारण दहा वर्षांच्या मुलाला खोकला येत नाही,
असं आबांचं मत.

पहिले दोन दिवस कुणी नाही.
तिसऱ्या रात्री पिल्लं.
सातव्या रात्री सगळी, एक सोडून.
ती बाहेर उभी. फाटका कान,
पाठीवर चांदणं नाही, चिखल.
हरकू कानात म्हणाला, ही राहिली तर काहीच झालं नाही.
पुढच्या वर्षी पुन्हा अठरा.

म्हणून थांबलो.
मक्का घातला, थांबलो.
बोटं बधिर, दोरी हातातून निसटली तरी कळू नये
इतकी थंडी.

बाराव्या रात्री ती आत आली.
तिच्या मागं, दाण्याच्या वासानं,
एक चितळाची मादी आणि तिचं पाडस.
डुकरांच्या घोळक्यात ती दोघं
लग्नघरी चुकून शिरलेल्या शेजाऱ्यांसारखी
कडेकडेनं खात होती.

मी आबांकडं पाहिलं.
आबांनी माझ्या मुठीवर हात ठेवला.
दया वगैरे नव्हती ती, मला वाटतं.
फाटक पडलं की आत जो धुमाकूळ होतो
त्यात हरणाचे पाय टिकत नाहीत,
आणि डावीकडच्या खात्यात
मोडलेल्या पायांना रकाना नव्हता.

म्हातारीनं सोंड वर केली.
मचाणाकडं पाहिलं, सावकाश.
आणि आली तशी निघून गेली.

तेराव्या रात्री सतरांवर फाटक पाडलं.
तो आवाज सांगत नाही.
सकाळी ठेकेदाराची गाडी आली, रिकामी झाली, भरली, गेली.
किरकोळ: १७.

फेब्रुवारीत पाहुणे आले. तीन जीप, एक ग्रामोफोन.
पहिल्याच सकाळी नर दिसला, गोळी सुटली,
नर गेला, आणि त्याच्या पलीकडं पाण्यावर वाकलेली
मादी बसल्यासारखी खाली बसली.
पाडस कुठं होतं ते मी शोधलं नाही.

मादी मारायला परवाना नसतो.
आबा संध्याकाळी कंदिलाशी बराच वेळ
टाक बुडवून बसले. शाई वाळली, पुन्हा बुडवला.
मग उजवीकडं लिहिलं:
किरकोळ: १.
खाली रेघ. एकूण १८.
आठवड्यानं वरून शेरा आला,
बंदोबस्त समाधानकारक.

हरकूला वाचता येत नव्हतं.
त्यानं बोट ठेवून विचारलं, अठरा म्हणजे
म्हातारी पण लिहिली का?
आबा पाणवठ्याकडं बघत होते.
काठ पुन्हा उकरलेला, ताजा,
एकाच सोंडेचा.
‘लिहिली,’ आबा म्हणाले.